देवाला वाचवताना माणूस आरोपी होतो

१९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावागावांत विसर्जनाच्या मिरवणुका निघाल्या, लोक रात्री उशिरा घरी परतले आणि झोपले. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची पन्नासएक गावं झोपेतच जमीनदोस्त झाली. जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यांत म्हातारीकोतारी होती, बाळंतिणी होत्या, पाळण्यातली पोरं होती.

जो देव मानतो त्याला अशा घटनेनंतर एक प्रश्न टाळता येत नाही, आणि त्याने तो टाळूही नये. देवाला हे थांबवायचं होतं पण जमलं नाही, असं म्हटलं तर तो सर्वशक्तिमान नाही. जमत होतं पण थांबवायचं नव्हतं, असं म्हटलं तर तो दयाळू नाही. जमतही होतं आणि इच्छाही होती, तर मग ती गावं ढिगाऱ्याखाली का गेली? ग्रीक विचारवंत एपिक्युरसच्या नावावर हा पेच सांगितला जातो. दोन हजारांहून अधिक वर्षं झाली, तरी तो सोडवल्याचं समाधान कुणाला मिळालेलं नाही.

आपल्याकडे मात्र तो सुटला आहे असंच बहुतेक लोक धरून चालतात. "ज्याचे त्याचे भोग" हे तीन शब्द उच्चारले की चर्चा संपते. हा लेख त्या तीन शब्दांविरुद्ध आहे. देव आहे की नाही याचा निकाल मी इथे लावायला बसलेलो नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की देवाला निर्दोष ठरवण्यासाठी मेलेल्या, आजारी पडलेल्या, नाडलेल्या माणसाला दोषी धरायची जी सवय आपल्याला लागली आहे ती अन्यायाची आहे, आणि ती आधी देव मानणाऱ्यांनीच सोडायला हवी.

कर्मसिद्धांताला मी हसण्यावारी नेत नाही. तत्त्वज्ञान म्हणून तो फार ताकदीचा आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप थेट घेतलेला आहे: ईश्वराने हे जग केलं असेल तर त्याच्यावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा, असे दोन आरोप येतात. उत्तर असं की ईश्वर प्राण्यांच्या कर्माला धरून फळ देतो, म्हणून आरोप लागू होत नाहीत. शंकराचार्य तिथे पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो. एकीकडे भात उगवतो आणि दुसरीकडे जव, हा बियाण्यातला फरक. मग कुणी विचारेल, अगदी सुरुवातीला, कुणाचंच काही कर्म नसताना, विषमता कुठून आली? पुढचंच सूत्र सांगतं की संसार अनादि आहे, सुरुवात अशी नाहीच. म्हणजे पळवाटेची शेवटची फटही बुजवलेली आहे. युरोपातल्या धर्मपंडितांना या प्रश्नाने शतकानुशतकं जेवढं हैराण केलं तेवढं आपल्या आचार्यांना केलं नाही, त्याचं कारण हे.

पण या बिनचूक उत्तरात न्यायालयाचं चित्र काय उरतं ते पाहा. आरोपीच्या पिंजऱ्यात देव उभा होता. तो सुटला. पिंजरा मात्र रिकामा राहिलेला नाही, त्यात आता ते पाळण्यातलं पोर उभं आहे. आपण काय केलं हे त्याला आठवत नाही, कुणी सांगू शकत नाही, पुरावा नाही, आणि तरी शिक्षा झाली म्हणजे गुन्हा असणारच असं धरलं जातं. कुठल्याही कोर्टात हा न्याय चालणार नाही. जगाच्या न्यायाधीशासाठी तो का चालवून घ्यायचा?

किल्लारीचे मृत्यू कशाने झाले हे आपल्याला चांगलं माहीत आहे. त्या भागातली घरं दगडाची, दोन-दोन अडीच-अडीच फूट जाडीच्या भिंतींची. दगड मातीत बसवलेले, आतला-बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे लांब दगड फारसे नाहीत. वर लाकडी माळवद आणि त्यावर मातीचा जाड थर; दर काही वर्षांनी आणखी माती टाकायची, म्हणजे उन्हाळ्यात घर गार राहतं आणि पावसाळ्यात गळत नाही. रिश्टर मापावर सहाहून थोडा मोठा भूकंप हा जगाच्या हिशेबात मध्यमच. पण त्या धक्क्याने भिंती फुगून फुटल्या आणि टनावारी माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. पत्र्याच्या, छपराच्या, कुडाच्या घरात राहणारी गरीब माणसं कितीतरी ठिकाणी वाचली, आणि ज्यांच्याकडे भक्कम म्हणून ओळखले जाणारे वाडे होते ती कुटुंबंच्या कुटुंबं गेली. छपरात राहणारे पुण्यवान होते आणि वाड्यातले पापी होते, असं कुणी म्हणणार आहे का? मातीच्या वजनाने ज्या गोष्टीचा उलगडा पूर्ण होतो तिथे पापाचं वजन कशाला घालायचं?

कर्मवादी यावर म्हणेल की त्या घरात जन्म मिळणं हेच कर्माचं फळ. हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे आणि ते खोडता येत नाही, हे कबूल आहे. पण ते कशानेच खोडता येत नाही, हीच त्याची अडचण आहे. मेला तर कर्म, वाचला तर कर्म, वाडा पडला तर कर्म, छप्पर उभं राहिलं तर कर्म. असं विधान घटनेबद्दल काहीही नवीन सांगत नाही. ते फक्त एक काम चोख करतं: मेलेल्याकडे कोणत्या नजरेने पाहायचं ते ठरवून देतं.

२०१० साली जानेवारीत हैतीत भूकंप झाला, तीव्रता ७. लाखाहून जास्त माणसं गेली. सहा आठवड्यांनी चिलीत झाला, तीव्रता ८.८, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात शेकडो पट मोठा. तिथे मृतांचा आकडा पाचशेच्या आसपास राहिला. चिलीने १९६०च्या महाभूकंपानंतर बांधकामाचे नियम कडक केले आणि पाळले. हैतीत गरिबी होती, नियम नव्हते, काँक्रीटमध्ये लोखंड जेमतेम होतं. पण हैतीच्या भूकंपाला दोन दिवसही झाले नव्हते, तेवढ्यात एका अमेरिकी धर्मोपदेशकाने टीव्हीवर सांगितलं की तिथल्या लोकांनी पूर्वी सैतानाशी करार केला होता, म्हणून हे घडलं. म्हणजे ही खोड एकट्या आपल्या धर्माची नाही. जिथे जिथे देवाला जगाचा कारभारी मानून त्याचा कारभार चोख आहे असं सिद्ध करायची घाई होते, तिथे तिथे ढिगाऱ्याखालच्या माणसावर बालंट येतं.

ही चूक मोठ्यातल्या मोठ्या माणसाच्या हातून झालेली आहे. १५ जानेवारी १९३४ला बिहार आणि नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला. मुंगेर, मुजफ्फरपूर उद्ध्वस्त झाली, दहा हजारांच्या घरात माणसं मेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. त्यांनी जाहीरपणे सांगितलं की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने केलेली शिक्षा आहे. गांधीजींच्या मनात कळवळा होता याबद्दल मला शंका नाही, आणि अस्पृश्यता हे पाप आहे याबद्दल तर वादच नाही. तरीही रवींद्रनाथ ठाकूरांना राहवलं नाही. त्यांनी निषेधाचं निवेदन लिहिलं आणि गांधीजींनी ते आपल्याच 'हरिजन'मध्ये आपल्या उत्तरासह छापलं. त्या दोघांच्या मोठेपणाचा हा भाग आज मला फार हवाहवासा वाटतो. रवींद्रनाथांचं म्हणणं असं की भौतिक उत्पाताची कारणं भौतिकच असतात, आणि अशी अवैज्ञानिक उपपत्ती आपल्या देशात लोक फार चटकन स्वीकारतात म्हणून ती अधिक धोक्याची. शिवाय हा युक्तिवाद विरोधकांच्याच जास्त उपयोगाचा आहे, हेही त्यांनी दाखवून दिलं. तेच झालं. सनातन्यांनी उलट बोंब मारली की हरिजनांना देवळात घ्यायला निघालात म्हणून धरणी कोपली.

एका भूकंपातून दोन उलट निकाल निघतात आणि दोन्ही बाजूंचा देवावर सारखाच विश्वास असतो, तेव्हा कळतं की त्या निकालात देवाचं मत काहीच नाही, बोलणाऱ्याचंच आहे. आणि त्या ढिगाऱ्यात अस्पृश्यही मेले होते. शिवाशिवीच्या पापाची शिक्षा ज्यांनी शिवाशिव सोसली त्यांनाच का?

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत जळजळीत इतिहास एका घरात सापडतो. चोखोबांच्या एका अभंगात आपल्या जन्माचं कारण दिलेलं आहे: पूर्वी कृष्णनिंदा घडली होती, म्हणून महाराचा जन्म आला, विटाळ हे पूर्वीचंच फळ. कर्मसिद्धांत इथे सोसणाऱ्याच्याच तोंडून बोलतो आहे. त्याच्यावर अन्याय करणाऱ्यांना मग बोलायची गरजच उरत नाही. चोखोबांचे सगळेच अभंग असे नाहीत. विटाळ नेमका कुणाला, असं विचारणारेही आहेत. पण त्यांचा मुलगा कर्ममेळा हे पूर्वजन्माचं कारण मनावर घेतच नाही. तो सरळ विठ्ठलाला जाब विचारतो: आमची याती हीन केलीस, उष्टं खाण्यात जन्म गेला, तुला लाज कशी वाटत नाही? बापाने दोष पदरात घेतला, मुलाने तो जिथे जायला हवा तिथे पाठवला.

चोखोबांचा अंत कसा झाला तेही आठवावं. परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि त्यांच्याबरोबर आणखी मजूर दबून मेले. तिथेही भिंतच. कामाला कुणाला जुंपलं होतं, भिंत कशी बांधली होती, हे प्रश्न त्या काळी कुणी विचारले असतील असं वाटत नाही. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि समाधी झाली ती महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर. आत जायला त्यांच्या लोकांना १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. पूर्वजन्मीचं फळ म्हणून जे सहाशे वर्षं सांगितलं गेलं, ते काही दिवसांच्या उपोषणाने आणि देवस्थानच्या एका निर्णयाने बदललं. मग ते फळ कुणाच्या हातात होतं?

बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात पूर्वजन्माच्या कर्माचा सिद्धांत याच कारणासाठी नाकारला. बुद्धाने कर्म मानलं, पण या जन्मीचं, असं त्यांचं प्रतिपादन आहे. मागच्या जन्मीच्या कर्माने आजची अवस्था ठरते, ही कल्पना कशासाठी निघाली असेल? गरिबांच्या आणि खालच्या मानलेल्यांच्या हालाची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी यासाठीच, असं ते म्हणतात. मला हे विधान एकेकाळी फार टोकाचं वाटेल असं होतं. कुष्ठरोगाचा इतिहास वाचल्यावर तसं वाटायचं कारण राहत नाही.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापाने कोणतं व्यंग किंवा रोग येतो याची यादी आहे. ब्राह्मणाची हत्या करणाऱ्याला क्षय, गुरुपत्नीशी गमन करणाऱ्याला त्वचेचा रोग. म्हणजे एखाद्याच्या कातडीवर चट्टा दिसला की त्याचा गुन्हाही वाचता येतो. आपल्याकडे महारोग्याला गावाबाहेर काढलं जायचं, नवऱ्याने बायकोला, मुलांनी बापाला टाकायचं, आणि ते टाकणं पाप मानलं जात नसे, कारण पाप तर त्या रोग्याचं होतं. नॉर्वेत हॅन्सनने कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली शोधला. क्षयाचा जंतू १८८२ साली कॉखने शोधला. तरी आपल्या देशातला कुष्ठरोग्यांना डांबण्याचा १८९८चा कायदा २०१६पर्यंत पुस्तकात राहिला, आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची सोय कायद्यातून २०१९ साली निघाली. औषध तोवर कितीतरी दशकं उपलब्ध होतं. जंतू मारणं सोपं निघालं, डाग पुसणं अवघड.

या पार्श्वभूमीवर अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी आणि वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी जे केलं ते नुसतं दयेचं काम नव्हतं. रोग्याला काम, घर आणि नाव देताना त्यांनी एक निवाडा फिरवला. हा माणूस दोषी नाही, एवढं मान्य केल्याशिवाय त्याच्या जखमेला हात लागत नाही.

देवाच्या बाजूने आणखीही युक्तिवाद होतात. माणसाला स्वातंत्र्य दिलं म्हणून तो वाईट वागतो, हा त्यातला बरा. खून, बलात्कार, जातीची हिंसा यांचा उलगडा त्याने काही प्रमाणात होतो, पण भूकंपाला आणि लहान मुलाच्या रक्ताच्या कर्करोगाला त्याचा काही संबंध नाही. सगळी लीला आहे किंवा माया आहे, हे तर मला उत्तरच वाटत नाही. दात दुखला की मायावादीही दवाखान्यात जातो आणि त्याने जायलाच हवं.

दुःखाने माणूस घडतो, हा युक्तिवाद मात्र थांबून ऐकण्यासारखा आहे. कुंतीने कृष्णाकडे विपत्ती मागितली, कारण विपत्तीत तुझं दर्शन होतं, ही भागवतातली गोष्ट कीर्तनात नेहमी येते आणि ऐकताना अंगावर काटा येतो. पण कुंतीने ते स्वतःसाठी मागितलं होतं. शेजारणीच्या मुलासाठी मागितलं नव्हतं. आपल्या वाट्याच्या दुःखातून अर्थ काढायचा हक्क ज्याचा त्याला आहे, आणि पुष्कळांनी तो मोठ्या धीराने बजावला आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ त्याला परस्पर लावून द्यायचा हक्क कुणालाच नाही. शिवाय ज्याला घडायला वेळच मिळाला नाही त्याचं काय? सहा महिन्यांचं मूल माळवदाखाली गेलं, ते काय शिकलं? त्याच्या आईला शिकवण मिळावी म्हणून ते गेलं, असं म्हणायचं असेल तर ते तिच्यासमोर म्हणता येतं का, एवढी एकच कसोटी मी लावतो.

सर्वशक्तिमान, न्यायी आणि दयाळू असा कुणी या जगाचा कारभार पाहतो आहे, असं मला वाटत नाही. तीनही गुण एकदम धरून ठेवले तर किल्लारीसमोर ते उभे राहत नाहीत. पण जे देव मानतात त्यांच्याजवळ यापेक्षा चांगली वाट आहे आणि ती त्यांच्याच परंपरेत आहे. ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांतल्या ईयोबाच्या कथेत त्याचे मित्र येऊन सांगतात की तुझ्यावर एवढं संकट आलं म्हणजे तू काहीतरी पाप केलं असणारच. ईयोब ते मानत नाही, देवाशी भांडतो. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, देवाची वकिली करणाऱ्यांवर. आपल्या वारकरी संतांनी तर देवाशी भांडणं हाच भक्तीचा भाग करून टाकला. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते. तुकोबांच्या डोळ्यांदेखत सतराव्या शतकातल्या त्या दुष्काळात बायको अन्न-अन्न करत मेली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. ते तिच्या पूर्वकर्माचं फळ होतं, असा खुलासा तिथे जोडलेला नाही. श्रद्धा टिकवायला देवाचा हिशेब जुळवून दाखवावाच लागतो असं नाही, याची याहून मोठी साक्ष कोणती हवी?

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप मला खरोखर विचारात घ्यावासा वाटतो. 'भोग' या कल्पनेने लाखो माणसांना आधार दिला आहे, तो काढून घेतल्यावर त्यांच्या हाती काय राहणार? एखादी बाई स्वतःबद्दल "माझेच भोग, दुसरं काय" म्हणते तेव्हा ती अर्थहीन वाटणाऱ्या आघाताला कसाबसा आकार देत असते. तिच्याशी वाद घालायला जाणं मला क्रूरपणाचं वाटतं. नरेंद्र दाभोलकरही सांगत असत की चळवळीचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. पण तेच वाक्य शेजाऱ्याने, सासरच्यांनी, ठेकेदाराने किंवा मंत्र्याने तिच्याबद्दल म्हटलं की त्याचा अर्थ पालटतो. तिच्या तोंडी ते सहन करण्याचं बळ असतं, त्यांच्या तोंडी तो तिच्यावरचा आरोप असतो, आणि बहुतेक वेळा स्वतःची सुटकाही. किल्लारीला आदल्या वर्षापासून लहान धक्के बसत होते. नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. नंतर तो बदलला गेला, कारण कुणीतरी पापाऐवजी खडकाची चौकशी केली.

आपल्याकडे दहाव्याला घाटावर प्रवचन होतं. ध्वनिक्षेपक लावलेला असतो, कावळ्याची वाट पाहत घरचे बसलेले असतात, आणि कधीकधी गेलेली व्यक्ती वीस वर्षांची किंवा आठ वर्षांची असते. तिथे संचिताचा आणि प्रारब्धाचा पाढा वाचू नये, एवढी विनंती मी प्रवचनकार महाराजांना करतो. त्या आईने विचारलं की माझ्याच लेकराला का, तर "माहीत नाही" असं सांगायला त्यांना कमीपणा वाटू नये. कर्ममेळ्याचा अभंग त्यांना पाठ असतो. तो तिथे म्हणावा.